सातवं ताट

गेली पंचवीस वर्षं मी एका माणसाला भितो आहे. तो माणूस कधीच नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो मी लिहिला.

त्याचं नाव राणोजी मोहितकर. आमच्या जांभूळपेठेच्या सात मूळ घराण्यांतल्या सातव्या घराण्याचा मूळपुरुष. पलूसहून आटपाडीकडं निघालात की मध्ये जांभूळपेठ लागते. स्टँडसमोर जाखाईचं देऊळ, मागं द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड, डावीकडं आमचं कॉलेज. तिथं मी इतिहास शिकवतो. या वर्षी इतिहासाला सात विद्यार्थी आहेत. हा आकडा माझी पाठ सोडत नाही.

२००० साली पेठ वसून दीडशे वर्षं झाली, म्हणून स्मरणिका निघाली. समितीचे अध्यक्ष लालासाहेब. कॉलेजच्या संस्थेचेही अध्यक्ष तेच. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे महिन्याच्या शेवटी आपण नोकरीत आहोत की नाही हे शिपायाला विचारून घ्यायचो. गावात मोडी वाचता येणारा मी एकटाच. लालासाहेबांनी माळ्यावरची पत्र्याची नळी काढून माझ्या हातात दिली. आत कौलनामा होता. कौलनामा म्हणजे सरकारी अभयाचा कागद: या, इथं वस्ती करा, इतकी वर्षं सारा माफ, कोणी त्रास देणार नाही. त्या कागदाइतकं भय मला दुसऱ्या कुठल्याच कागदानं दिलेलं नाही.

खाली सात जणांच्या निशाण्या होत्या. सही येत नसे तेव्हा कुणबी माणूस नांगर काढायचा. सहा नांगर होते. त्यातला पहिला लालासाहेबांच्या पूर्वजाचा, शेवटचा माझ्या. पण सहाही नांगरांच्या वर, सगळ्यात आधी, दोराचं वेटोळं होतं. शेजारी नाव: राणू बिन सिदू. पुढं त्याची जात, तेव्हा लिहायचे तशी. या राणूनं उजाड माळावर पाण्याची जागा दाखवली, आपल्या दोरानं पेठेच्या गल्ल्या आखून दिल्या, सबब कौलात त्याचं नाव पहिलं, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी जाऊन लालासाहेबांना सांगितलं. ते चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, तुमी पर्मनंट कवा व्हणार?"

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

मग मी घरी येऊन इतिहास लिहिला. राणूचा राणोजी केला, दोराची तलवार केली, पहिल्याचा सातवा केला. मोहितकर हे आडनाव मला पेंडीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर सापडलं. वंशज शोधायला कुणी जाऊ नये म्हणून अख्खं घराणं अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत पाठवलं आणि परत आणलं नाही. शेवटी तरुण वयाच्या हौसेनं एक वाक्य टाकलं: आजही पेठ त्यांच्या वाटेकडं डोळे लावून बसली आहे.

त्या वाक्यानं घात केला. पुढच्या चैत्रात जाखाईच्या यात्रेला सहा घराण्यांच्या सहा नैवेद्यांशेजारी कुणीतरी सातवं ताट ठेवलं. राणोजीरावांसाठी, पूर्वेच्या पायरीवर, वाटेकडं तोंड करून. दुपारी बघितलं तर ताट रिकामं. आमच्या गावात कुत्री किती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी कुत्र्यांचं नाव कुणी काढलं नाही.

मग नियम आले. ताट झाकून न्यायचं. ठेवल्यावर मागं बघायचं नाही. एका वर्षी ताट विसरलं, आणि पंधरा दिवसांत अवकाळी पाऊस होऊन सगळ्यांचा बेदाणा काळा पडला. २०२० ला यात्राच बंद होती, त्यामुळं ताट नव्हतं. त्या वर्षी जगात काय झालं ते सांगायला नको. चीनचा यात काही हात असेल, यावर आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास बसला नाही. माझी बायको क्रांती लेकीच्या ॲडमिशनसाठी राणोजीला नवस बोलली. लेकीचा नंबर लागला. मी रचलेल्या माणसाचा नवस मी ताट डोक्यावर घेऊन फेडला. आणि खरं सांगायचं तर ताट ठेवून परतताना मीसुद्धा मागं बघितलं नाही.

आता पेठेला पावणेदोनशे वर्षं झाली. लालासाहेब वारले; त्यांच्या जागी मुलगा उदयसिंह. त्यांनी सात घराण्यांच्या नावांचा काळा ग्रॅनाइट देवळाच्या पूर्वेच्या पायऱ्यांशेजारी उभा करायचं ठरवलं. यात्रेआधीच्या रविवारी दगडाचा कार्यक्रम होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी आम्रपाली माझ्याकडं आली.

आम्रपाली ही सोपान मास्तरांची नात. लोणंदला शाळेत शिक्षिका आहे. मी एकदा दहा दिवसांचा मोडीचा वर्ग घेतला होता. चाळीस जण आले, चहा बंद झाल्यावर एकटी ही उरली. मोडी तिला माझ्याइतकी येते. आपल्या हातानं आपल्यासाठी खड्डा खणणारे लोक मी पुस्तकात वाचले होते, पण त्यातला कुणी दहा दिवस रोज दोन तास खणत नव्हता.

तिनं स्मरणिकेतला, कौलनाम्यावरच्या निशाण्यांचा फोटो मोबाइलवर मोठा करून माझ्यासमोर धरला. छापखान्यात वरची कड कापली होती. पण अर्धं वेटोळं राहून गेलं होतं.

"सर, हे काय?"

"डाग."

"असा गोल?"

"जुना कागद आहे. पडतात."

"सर, तुम्हीच शिकवलंय. डागाला सुरुवात नसती, रेघेला असती."

हे मी खरंच शिकवलं होतं. मी पाणी प्यायलो.

"आमची आज्जी लहानपणापासनं सांगती," ती म्हणाली, "राणूबाबानं दोर टाकला तवा पेठ झाली. आम्हाला वाटायचं, म्हातारीच्या गोष्टी. आता ती पंच्याऐंशीची हाय. सर, मूळ कागद कुठंय?"

"शोधावा लागेल," मी म्हणालो. तो माझ्या कपाटात, क्रांतीच्या पैठणीखाली होता.

"रविवारी दगड कोरून होईल. एकदा दगडावर आलं की मग काय कुणी ऐकायचं न्हाई." ती उठली. "आज्जीचा निरोप हाय. ताट तुमचं तुमच्यापाशी. आमच्यात छप्पन साली दीक्षा घेतल्यापासनं नैवेद्य चालत न्हाई. आम्हाला मान नको. नाव तेवढं पायजे."

दुसऱ्याच दिवशी उदयसिंह घरी आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरं हसू. उदयसिंहांचा चांगुलपणा साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध आहे. ते कुणावर ओरडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्यांच्यावर रागावलेली माणसं मात्र पुढं दिसत नाहीत, बदली होऊन जातात.

"सर, कौलनामा तुमच्याकडंच हाय न्हवं? रविवारी सगळ्यांसमोर वाचा. तुमच्या आवाजात. मग फ्रेम करून दगडाखाली लावू."

"हो, हो."

"ती सोपान मास्तराची नात येऊन गेली म्हणं."

"मोडीबद्दल विचारायला."

"शिकवा की. पोरी शिकल्याच पायजेत." ते उठून दारात गेले, घराकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "घर झ्याक बांधलंय सर. रस्त्याकडंला किती फूट सोडलंय?"

त्या कागदात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही. नक्की कळलं असतं तर मी एकाच गोष्टीला भ्यायलो असतो.

शनिवारी सकाळी मी निर्णय घेतला. परसात आंघोळीचा बंब पेटलेला होता. मी कागद घेऊन त्याच्यासमोर बसलो. वाळवी, ओल, उंदीर: कागद नाहीसा व्हायला इतिहासात शंभर सभ्य कारणं आहेत. हात पुढं केला, एवढ्यात मागून क्रांती म्हणाली, "काय जाळताय?"

मी सगळं सांगून टाकलं. लालासाहेबांची बशी, कॅलेंडर, दोर, तलवार, सगळं. सांगताना मला वाटलं, आता ही चिडेल किंवा रडेल. ती माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशी बघत होती.

"तुमी रचलं?"

"मी रचलं."

"मग बेदाणा कुणी भिजवला?"

"पावसानं."

"लेकीचा नंबर कुणामुळं लागला?"

"तिच्या मार्कांमुळं."

"गप बसा." तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि पदरानं त्यावरची राख झटकली. "तुमी उदयसिंहाला भिता. त्यो जित्ता माणूस हाय, उद्या निवडणुकीत पडंल. ह्यो मेलेला हाय. ह्यो पडतोय कवा?" मग तिनं विचारलं, "खरं नाव काय हुतं म्हणला त्यांचं?"

"राणू. राणू बिन सिदू."

क्रांतीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. इतकी घाबरलेली मी तिला बाळंतपणातसुद्धा बघितली नव्हती.

"म्हंजे," ती म्हणाली, "पंचवीस वर्षं आपण त्यांना दुसऱ्याच्या नावानं हाका मारतोय?"

रविवारी दहाला देवळाच्या पटांगणात मांडव होता. पन्नासेक माणसं. पूर्वेच्या पायऱ्यांशेजारी दगड उभा; सहा नावं कोरून झालेली, सगळ्यात वर उदयसिंहांचं घराणं, सहाव्या ओळीत माझं. सातव्या ओळीत खडूनं आखलेलं: राणोजी मोहितकर. गुंडा पाथरवट मशीन हातात घेऊन वाट बघत उभा होता. खालच्या पायरीवर, जिथं ताट ठेवतात तिथून हातभर अंतरावर, आम्रपालीची आज्जी, आक्काताई, बसल्या होत्या. पांढरं पातळ, हातात काठी.

उदयसिंह स्वतः खाली गेले. "आवं आज्जी, वर या की. खुर्ची ठेवलीय."

"आमी छप्पन सालापासनं आत येत न्हाई," आक्काताई म्हणाल्या, "आणि त्याच्या आदी तुमी येऊ देत नव्हता. हितं ऐकायला येतंय मला."

उदयसिंह हसले. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता. तो उचलल्यावरही खांद्याला वजन जाणवत राहिलं.

मी कागद उलगडला. पहिल्या ओळी मी नीट वाचल्या. सन, तारीख, कौल, सारा माफ, कोणी उपद्रव देणार नाही. मग निशाण्या आल्या. मोडीची गंमत अशी, की वाचणारा जे म्हणेल तेच तिथं लिहिलेलं असतं. वेटोळं ओलांडून पहिल्या नांगरावर जायला बोटभर अंतर होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मी ते ओलांडलं होतं. वाट ओळखीची होती. तिथं मी थांबलो.

मांडवाच्या खांबापाशी आम्रपाली उभी होती. हातात मोबाइल, माझ्याकडं धरलेला.

"सर," ती म्हणाली, "दिसत नसंल तर मी वाचू का?"

पन्नास माना तिच्याकडं वळल्या. उदयसिंहांचं हसू जागच्या जागी होतं, पण डोळे तिच्यावर गेले आणि तिथंच थांबले. जसे बुधवारी ते माझ्या घराच्या भिंतीवर थांबले होते. पुढं काय होणार ते मला दिसलं. तिची बदली, तिच्या आज्जीच्या घराचा उतारा, तिच्या घराबाहेर टेप घेऊन उभे राहिलेले दोघे. हे सगळं माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं, आणि एक शब्द न बोलता मला ते तिला देऊन टाकता येत होतं. नुसती मान हलवायची होती.

"नको," मी म्हणालो. "मी वाचतो. राणू बिन सिदू. निशाणी दोर. यानं पाणी दाखविलें, दोरानें पेठ आखिली, सबब पहिला."

मांडवात पंख्याचा आवाज येऊ लागला. तो आधीपासून येत असावा.

"म्हंजे आमच्या वर?" उदयसिंहांनी अगदी प्रेमानं विचारलं.

"वर."

"आणि मोहितकर?"

"मोहितकर नाहीत. ते मी लिहिले."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो झाला असता तर बरं वाटलं असतं. मागून सहा घराण्यांतले नानासो हळूच म्हणाले, "मग इतकी वर्षं ताट कुणाला देत हुतो आपण?" आणि आमच्या गल्लीतल्या हरणाबाई ठसक्यात म्हणाल्या, "सर खोटं बोलत्यात. माझ्या सपनात येत्यात राणोजी. घोड्यावर." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. त्यांच्याही स्वप्नात घोडा होता.

"विषय मोठा हाय," उदयसिंह म्हणाले. "तज्ज्ञांची समिती नेमू."

"मग ह्या खडूचं काय करू?" गुंडानं विचारलं.

"पूस."

गुंडानं पुसलं. सातवी ओळ काळी, रिकामी राहिली. उदयसिंहांनी कागदासाठी हात पुढं केला. शूर माणसानं दिला नसता. मी घडी घालून दिला. आम्रपालीचा मोबाइल सगळं बघत होता, एवढाच माझा धीर.

सोमवारी टेप घेऊन दोघे आलेच. "सर, तुमचं घर दोन फूट पुढं आलंय," त्यातला एक म्हणाला. घर एकोणीस वर्षांत हललेलं मला तरी माहीत नव्हतं. मंगळवारी कॉलेजच्या फाटकावर शिपायानं नमस्कार घेतला नाही. त्या दिवसापासून मी मोटारसायकल चालू करण्याआधी वाकून चाकं बघतो. का, ते विचारू नका.

पण बुधवारी सकाळी कॉलेजला जाताना मी देवळापाशी थांबलो. खिशात खडू होता. आमच्या खिशात असतोच. इकडं तिकडं बघून मी सातव्या ओळीत लिहिलं: राणू बिन सिदू. मोडीत लिहिलं. मोडीत, कारण गावातलं ते वाचणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं, आणि ते लोणंदला होतं. दुपारपर्यंत ते पुसलेलं होतं. गुरुवारी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलेलं. कोण पुसतं ते मी बघितलं नाही. कोण लिहितं ते कुणी विचारलं नाही. गावात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी अशाच चालतात.

त्याच गुरुवारी क्रांती नारळ घेऊन आक्काताईंच्या घरी गेली. माफी मागायला. मी अडवलं नाही. मला वाटलं, निदान आमच्या घरातलं एक माणूस तरी दिवसाढवळ्या जातंय.

"बाई, आमच्यात कोप न्हाई आणि नवस न्हाई," आक्काताईंनी तिला सांगितलं. "आमचा राणूबाबा कुणाचा बेदाणा भिजवत न्हाई. नारळ घिऊन जा."

क्रांतीचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. "आवं, मग त्यांना काय आवडायचं, ते तरी सांगा."

क्रांतीनं घरी येऊन सांगितलं, आक्काताई म्हणाल्या, "पाणी. देवळामागची हीर त्यानंच दावली. पर तिचं पाणी त्याला कुणी पिऊ दिलं न्हाई."

शुक्रवारी यात्रा. सकाळपासून आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. बेदाण्याच्या शेडवर ताडपत्र्या ओढायची धावपळ चाललेली. मी खडू घेऊन दगडापाशी गेलो आणि खडू खिशातच ठेवला.

नाव आधीच लिहिलेलं होतं. सातव्या ओळीत नाही. सगळ्यात वर, उदयसिंहांच्या घराण्याच्या डोक्यावर, जिथं जागा नव्हती तिथं घुसवून. मोडीत नाही, बाळबोध देवनागरी अक्षरात, वीतभर मोठं, खडू तुटेपर्यंत दाबून: राणू सिदू. ते अक्षर मी ओळखलं. त्याच अक्षरात गेली अठ्ठावीस वर्षं मला किराण्याची यादी मिळते. पायरीवर ताट नव्हतं. त्याच्या जागी तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

बाकीचे नैवेद्य घेऊन माणसं जमली. जो तो दगड वाचायचा आणि दुसऱ्याकडं बघायचा. तेवढ्यात उदयसिंह आले. त्यांनी नाव वाचलं, तांब्या बघितला, माझ्याकडं बघितलं.

"गुंडा, पूस ते."

गुंडा जागचा हलला नाही. "दादा, माझे हात वले हायत," तो म्हणाला. हात कोरडे होते.

"नानासो."

नानासो चपला शोधायला लागले.

उदयसिंहांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, दोन पायऱ्या उतरले आणि हात दगडाजवळ नेला. आटपाडीच्या बाजूला आभाळ गडगडलं. मोठं नाही, कुणीतरी लांबवर पिंप सरकवावं तसं. उदयसिंहांच्या शेडमध्ये अकरा टन बेदाणा होता. हात तसाच राहिला. मग त्यांनी रुमालानं स्वतःचा गळा पुसला.

"ऱ्हाऊ दे सध्या," ते म्हणाले.

खालच्या पायरीवर आक्काताई आम्रपालीचा हात धरून उभ्या होत्या. "वाच गं," त्या म्हणाल्या, आणि आम्रपालीनं वाचलं. मोठ्यानं, दोनदा.

मी मागं उभा होतो, खिशातल्या खडूवर मूठ आवळून. अजून ती सोडलेली नाही. आभाळ भरलेलंच आहे. पाऊस आला तर खडू पहिल्या सरीत जाईल, आणि मग पुन्हा कुणाला तरी सगळ्यांच्या देखत पुढं होऊन लिहावं लागेल.